नोट्स फिरतात, आजार वाढतो!

मागच्या वर्षी आजी आयसीयूत होती. आठव्या दिवशी पुन्हा ताप चढला. कल्चर रिपोर्ट आला, तर अँटिबायोटिक्सची भलीमोठी यादी आणि जवळपास प्रत्येक नावापुढे एकच अक्षर: ‘आर’. म्हणजे रेझिस्टंट, हे औषध चालणार नाही. तळाशी कोलिस्टिन तेवढं उरलेलं. मी डॉक्टरांना विचारलं, ‘आजीच्या शरीराला औषधांची सवय झालीय का?’ ते म्हणाले, ‘आजींच्या नाही गं. जिवाणूला झालीय.’

रिपोर्टवर नाव होतं क्लेब्सिएला न्यूमोनिए. एरवी हा आपल्या आतड्यात गुपचूप राहतो. पण व्हेंटिलेटरची नळी, लघवीची नळी, सलाइनची सुई यांच्या वाटेने नको तिथे पोचला की खेळ सुरू.

मग औषधं त्याच्यापुढे हरतात कशी? जिवाणूकडे मुख्य डीएनएशिवाय प्लाझमिड नावाची डीएनएची छोटी कडी असू शकते. औषध निकामी करणारे जीन्स बऱ्याचदा तिच्यावर असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये टॉपरच्या नोट्सची झेरॉक्स फिरते ना, अगदी तसंच होतं. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटतो, प्लाझमिडची कॉपी देतो आणि एक स्वतःकडेही ठेवतो. बरं, दुसरा त्याच जातीचा हवा असंही नाही. क्लेब्सिएलाच्या नोट्स ई. कोलायलाही चालतात. एकाच कडीवर अनेक औषधांची ‘उत्तरं’ असू शकतात.

यातला गाजलेला जीन म्हणजे एनडीएम-१. यातला ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली! २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका रुग्णात तो सापडला. त्याआधी त्या रुग्णावर नवी दिल्लीत उपचार झाले होते. या नावावरून आपल्याकडे बराच वादही झाला. या जीनमुळे बनणारं एन्झाइम कार्बापेनेम गटातली औषधं तोडतं. इतर औषधं हरल्यावर डॉक्टर वापरतात ती हीच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतल्या साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत हा जीन मिळाला. म्हणजे नोट्स हॉस्पिटलच्या गेटबाहेर कधीच पोचल्यात.

त्यांना बळ देतो आपण. गरज नसताना घेतलेली गोळी नोट्स नसलेल्या जिवाणूंना मारते आणि नोट्सवाल्यांना मैदान मोकळं करून देते. सर्दी-फ्लू व्हायरसमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. तरी आपण मेडिकलमध्ये जाऊन ‘दादा, मागच्या वेळचीच द्या’ म्हणतोच. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

आजी तीन आठवड्यांनी घरी आली. पण एक गोष्ट अजून टोचते. आयसीयूच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली होती. हे जिवाणू हातांवरूनही एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात. पहिल्या दिवशी मी घाईघाईत हात न धुताच आत गेले होते आणि आजीचा हात हातात घेतला होता.