काउंट पडतो तेव्हा

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी केमो सुरू असलेल्या घरात सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट वाचायला सगळेच शिकतात. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की डॉक्टर पुढची सायकल लांबवतात आणि घरात एकच धास्ती बसते : प्रतिकारशक्ती संपली, आता कॅन्सरशी लढणार कोण? ही धास्ती अर्धी खरी आहे. तिचा खरा अर्धा भाग जीव वाचवतो, तर खोटा भाग रुग्णाची उमेद घेतो. म्हणून दोन्ही वेगळे करून पाहायला हवेत.

या उपचारातली मुख्य औषधं दोन. ५-फ्लुरोयुरॅसिल १९५७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या गटाने जगापुढे आणलं. डीएनए रचायला लागणारा एक घटक तयार करणारं एन्झाइम ते अडवतं. ऑक्झॅलिप्लॅटिन जपानमधल्या नागोयाचं, योशिनोरी किदानी यांच्या प्रयोगशाळेतलं. ते डीएनएला चिकटून त्याची नक्कल होऊ देत नाही. ल्युकोव्होरिनच्या जोडीने दिलेल्या या मिश्रणाला फॉलफॉक्स म्हणतात. त्याची सायकल साधारण दर १४ दिवसांनी येते.

भराभर विभागणाऱ्या पेशींवर या औषधांचा घाव बसतो आणि अस्थिमज्जेइतकं वेगवान विभाजन शरीरात फार थोड्या ठिकाणी चालतं. निरोगी माणसाची मज्जा रोज सुमारे शंभर अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. जंतूंवर सर्वांत आधी धावून जाणाऱ्या या पेशी रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस टिकतात. त्यामुळे उत्पादन मंदावलं की रक्तातला साठा लगेच आटतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत काउंट तळाला जातो आणि मग मज्जा सावरते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मात्र दीर्घायुषी. त्यातल्या बऱ्याच विभाजन न करता स्वस्थ असतात. त्यांना जास्त जाच होतो तो रेडिएशनचा. म्हणून गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये ओटीपोटावर किरण दिले की लिम्फोसाइट ठळकपणे घटतात.

रिपोर्ट वाचताना एकूण पांढऱ्या पेशींवर थांबू नये. एकूण ३,००० आणि त्यात न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे प्रत्यक्षात ९०० च. हा आकडा ५०० च्या खाली गेला की संसर्गाचा धोका झपाट्याने वाढतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मोझॅइक’ चाचणीत २,२४६ रुग्ण होते. फॉलफॉक्स घेणाऱ्यांपैकी सुमारे ४१ टक्के जणांचे न्यूट्रोफिल तीव्र प्रमाणात घटले, पण त्यासोबत ताप आला तो फक्त १.८ टक्के जणांना. काउंट पडणं नेहमीचं, त्यातून गंभीर आजार होणं क्वचितचं. मात्र जे क्वचित घडतं ते काही तासांत जिवावर बेतू शकतं.

काहींच्या बाबतीत ही घसरण भयंकर होते. ५-फ्लुरोयुरॅसिलचा ८० टक्क्यांहून जास्त भाग डीपीडी हे एन्झाइम मोडतं. जन्मतःच ते कमी असेल तर नेहमीचा डोसही विषासारखा चढतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये उपचारापूर्वी याची तपासणी करण्याची शिफारस केली. पहिल्या सायकलच्या आधी आपल्या डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारावं.

आता धास्तीचा दुसरा अर्धा भाग. काउंट पडला म्हणजे कॅन्सरविरुद्धची लढाई हरली, असं नाही. २००६ मध्ये पॅरिसच्या जेरोम गॅलों यांच्या गटाने दाखवलं की आतड्याच्या गाठीत टी-पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, किती आणि नेमक्या कुठे शिरल्या आहेत, यावरून रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा चांगला अंदाज येतो. सीबीसीत ही गोष्ट दिसतच नाही. शिवाय ट्यूमर स्वतःच्या बचावासाठी काही दडपशाही करणाऱ्या पेशी पोसतो. ५-फ्लुरोयुरॅसिल नेमक्या त्याच पेशी मारतं, असं फ्रान्समधल्या दिजों इथल्या संशोधकांना २०१० मध्ये उंदरांत आढळलं. म्हणजे जे औषध आपले रक्षक कमी करतं, तेच त्यांच्या वाटेतले अडथळेही हटवू शकतं.

मोजक्या रुग्णांसाठी तर उपचाराची दिशाच उलटली आहे. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेल्या ट्यूमरमध्ये टी-पेशींवरचा लगाम सोडवणारी इम्युनोथेरपी विलक्षण काम करते. नेदरलँड्समधल्या ‘निश-२’ अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी अशी औषधं दिल्यावर ६८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर उरलाच नव्हता. इथे काउंट सहसा पडत नाही. धोका असतो तो सैल सुटलेल्या पेशी स्वतःच्याच आतड्यावर, फुप्फुसावर किंवा थायरॉइडवर उलटण्याचा. अशा वेळी जुलाब किंवा धाप ‘साधी’ समजून घरी बसू नये.

काउंट सांगतो तो आजचा संसर्गाचा धोका, रोगाचा निकाल नव्हे. केमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नये, रात्री दोन वाजताही रुग्णालय गाठावं. एवढ्या चार ओळी सोप्या मराठीत छापून प्रत्येक रुग्णाच्या फाइलला पहिल्या दिवशीच जोडल्या पाहिजेत. त्याला खर्च एका कागदाचा येतो, आणि तो कागद मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.