कमी वजनाचं बाळ, त्याचा मेंदू आणि रक्ताचा रिपोर्ट

आजचा विषय ऐकायला जड आहे, पण आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आता अहिल्यानगरमध्ये, तो घरोघरचा आहे. जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी भरलेलं बाळ म्हणजे कमी वजनाचं. यात दोन तऱ्हा आहेत. एक बाळ दिवस भरायच्या आधीच येतं. दुसऱ्याचे दिवस भरलेले असतात, पण वारेतून पोषण कमी मिळाल्यामुळे ते पोटातच खुरटतं. पहिल्याला मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती, आणि तो बहुधा पहिल्या तीन दिवसांत होतो. दुसऱ्याला भीती पोटातच ऑक्सिजन कमी पडण्याची.

बाळ काचेच्या पेटीत असतं आणि बाहेर आजी विचारते, "डॉक्टर, डोक्याला काही झालंय का, ते रक्तातून नाही का कळत?" काही अंशी कळतं.

सगळ्यात साधी खूण बघा. आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. कच्च्या पेशीत असतं, आणि ती हाडाच्या मगजात असते. गर्भाला ऑक्सिजन कमी पडला की एरिथ्रोपोएटिन वाढतं, मगजाची घाई होते आणि कच्चाच माल रक्तात उतरतो. म्हणून नाळेच्या रक्तात केंद्रक असलेल्या पेशी फार दिसल्या, तर बाळ बराच वेळ तंगीत होतं असा संशय घ्यायचा. यासाठी काच, रंग, सूक्ष्मदर्शक आणि जाणता तंत्रज्ञ एवढं पुरतं. मला ही तपासणी म्हणूनच आवडते. लॅक्टेट मात्र काही मिनिटांत वाढतं, ते ताज्या त्रासाची बातमी देतं.

इथे एक गोम आहे. काही मशिन या कच्च्या पेशी पांढऱ्या पेशींत मोजतात. समजा, मशिन म्हणालं पांढऱ्या पेशी ३०,०००. काचेवर दर १०० पांढऱ्या पेशींमागे ५० कच्च्या पेशी दिसल्या. मग ३०,००० गुणिले १०० भागिले १५०, म्हणजे खरा आकडा २०,०००. हे गणित राहिलं की जंतुसंसर्ग समजून उगाच प्रतिजैविकं चालू होतात. आणि लवकर जन्मलेल्या बाळात, मधुमेही आईच्या बाळातही या पेशी जास्त असतात. नुसत्या आकड्यावर निकाल देऊ नये.

मग थेट मेंदूतून येणारी प्रथिनं? एस-१००-बी आणि जीएफएपी मेंदूतल्या आधारपेशींतून येतात, एनएसई चेतापेशींतून. इजा झाली की ती रक्तात वाढतात. पण एनएसई तांबड्या पेशींतही असतं. टाच दाबून दाबून रक्त काढलं, पेशी फुटल्या, की आकडा खोटाच चढतो. या तपासण्या अजून मुख्यतः संशोधनातच आहेत. टाळूवरून केलेली सोनोग्राफी आज जास्त उपयोगाची.

आता माझं स्पष्ट मत. या बाळांत सगळ्यात मोलाच्या दोन तपासण्या अगदी जुन्या आहेत: साखर आणि बिलिरुबिन. का? बाकीच्या खुणा इजा झाल्यावर बोलतात, तर या दोन गोष्टी स्वतःच इजा करतात आणि वेळेत थांबवता येतात. साखर ४५ मिलिग्रॅमच्या खाली गेली तर लगेच उपाय करायचा. कावीळ कमी वजनाच्या बाळाच्या मेंदूला कमी पातळीवरही बाधू शकते, म्हणून निळ्या दिव्याखाली लवकर ठेवतात.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळाचं वजन आईच्या ताटापासून ठरतं, हे त्या बायकांनी गावाला पटवलं. रक्ताच्या खुणा त्यानंतरची गोष्ट.

रिपोर्ट चांगला आला तरी पाठपुरावा हवाच. मान धरणं, नजर फिरवणं, हातपाय ताठ वाटणं हे महिन्यांनी कळतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. पण पाथर्डी-जामखेडकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मग आशाताई येते तेव्हा घराला कुलूप. अशा घरांना मी सांगतो, डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो दाखवा, आणि तिथल्या आशाताईचा नंबर पहिल्याच आठवड्यात घ्या.