विजेरीचा आकडा आणि कारागिराचा शब्द

आठवडी बाजारातल्या पथारीवर काय किंवा शहरातल्या झगझगीत दुकानात काय, आज जी विजेरी विकावयास मांडलेली असते तिच्या खोक्यावर एक आकडा हमखास छापलेला आढळतो. कुठे ५० हजार ल्युमेन, तर कुठे चक्क एक लाख. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. हा आकडा खरा असू शकेल काय, हे ठरविण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही; शाळेत शिकविलेला भागाकार पुरेसा आहे. अशा विजेरीत बोटाएवढा जो लिथियम-आयन घट असतो, त्यात सुमारे १० वॉट-तास ऊर्जा मावते. एका वॉटमागे २०० ल्युमेन असा कमालीचा उदार हिशेब धरला, तरी एक लाख ल्युमेनसाठी ५०० वॉट लागतील. म्हणजे तो घट ७२ सेकंदांत रिता व्हावयास हवा, आणि तेवढ्या वेळात त्याने जवळजवळ १४० अँपिअर विद्युतप्रवाह पुरवावयास हवा. असे सामर्थ्य त्या घटात नाही. तरीही आकडा छापला जातो आणि तो पाहूनच वस्तू खपते.

अशा बाजारात अमेरिकेतील काही मूठभर कारागीर घरामागच्या गॅरेजमध्ये लेथ मांडून एकेक विजेरी हाताने घडवितात, तिचा आकडा या खोक्यांच्या तुलनेत अगदीच किरकोळ सांगतात आणि किंमत मात्र शेकड्यांनी डॉलर घेतात. हा व्यवहार वरवर पाहता वेडेपणाचा वाटेल. परंतु यंत्रयुगात हस्तव्यवसाय मागे पडतो हा जो सर्वमान्य सिद्धांत आहे, त्याला या क्षेत्राने निदान दहा वर्षे तरी उलटे करून दाखविले, आणि म्हणून तो इतिहास ध्यानात घेण्यासारखा आहे.

विजेरीचा जन्म न्यूयॉर्कमधला. डेव्हिड मिसेल यांच्या हातविजेरीला १८९९ साली पेटंट मिळाले आणि कॉनरॅड ह्यूबर्ट यांच्या कंपनीने ती बाजारात आणली. तेव्हाचे घट इतके दुबळे होते की दिवा सलग पेटता ठेवणे शक्य नसे. क्षणभर चमकवून लगेच विझवावा लागे. इंग्रजीतील ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्या दुबळेपणाची आठवण आहे. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे नळीत कोरडे घट, पुढे तंतूचा दिवा आणि मागे आरसा, ही रचना मूलतः बदलली नाही. १९७९ साली कॅलिफोर्नियातील अँथनी मॅग्लिका यांनी अॅल्युमिनियमच्या दणकट नळीची ‘मॅगलाइट’ आणली आणि ती अमेरिकी पोलिसांच्या कमरेला जाऊन बसली. कवच उत्तम झाले. आतला उजेड मात्र आजोबांच्या काळचाच राहिला.

तो बदलला जपानमुळे. निचिया या कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांचा तेजस्वी निळा डायोड १९९३ साली जगापुढे आला. त्या निळ्या प्रकाशावर पिवळ्या स्फुरद्रव्याचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. (नाकामुरा, अकासाकी आणि अमानो यांना या कामाबद्दल २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) शतक पालटण्याच्या सुमारास ‘लक्सिऑन’ हा एक वॉटचा डायोड आला, तेव्हा त्याचा प्रकाश वीस-पंचवीस ल्युमेन होता. २००६ मध्ये क्री कंपनीच्या डायोडने तितक्याच प्रवाहावर ऐंशीच्या आसपास मजल मारली आणि २०११ च्या सुमारास त्याच कंपनीचा १० वॉटचा डायोड हजार ल्युमेनपर्यंत पोहोचला. इतक्या वेगाने बदलणाऱ्या वस्तूभोवती साचे पाडणे, जाहिरात करणे, लाखो नग दुकानांत पोहोचविणे हे मोठ्या कारखान्याच्या चालीला झेपणारे नव्हते. खुद्द मॅगलाइटने डायोडची विजेरी आणली ती २००६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी हौशी कारागिरांनी मॅगलाइटची नळी विकत घेऊन, तिचे पोट लेथवर कोरून, आत नवा डायोड आणि नवे घट बसविण्याचा उद्योग सुरू केला होता. कारखान्याचे कवच आणि कारागिराचे काळीज, अशी ही जोडी होती.

हे काम म्हणजे दिवा बदलणे नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तंतूचा दिवा आपली बहुतेक उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने प्रकाशाबरोबरच समोर फेकून देतो. डायोडच्या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते. ती सारी त्याच्या बुडाशी साचते. १० वॉटच्या डायोडमध्ये निम्म्याहून अधिक वीज उष्णता होऊन राहते, आणि तीही जेमतेम ५ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या तुकड्यात. तिला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही तर प्रथम उजेड मंदावतो, मग रंग बिघडतो आणि अखेर डायोड मरतो. म्हणून डायोडखाली धातूची चकती, तिच्याखाली तांब्याचा ठोकळा आणि तो ठोकळा नळीच्या आतल्या भिंतीला घट्ट भिडलेला, अशी अखंड वाट तयार करावी लागते. तांबे हे विजेरीच्या नेहमीच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. परंतु ठोकळा आणि नळी यांच्यामध्ये हवेची केसाएवढी फट राहिली तरी तांब्याचा सारा गुण वाया जातो. या केसाएवढ्या फटीसाठीच लेथ लागतो आणि लेथवर बसलेला माणूस लागतो. मौज अशी की हातात तापणारी विजेरी ग्राहकाला सदोष वाटते. वस्तुतः उष्णता कवचापर्यंत नीट पोहोचते आहे याची ती खूण असते. पूर्ण तेजाने पेटलेली विजेरी अर्ध्या तासानंतरही थंडगार लागली, तर उष्णता आतच कोंडली आहे असे समजावे.

यानंतर येते प्रवाहाचे नियमन. लिथियम घट पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि रिता होताना तीनच्या आसपास उतरतो. मध्ये नियामक नसेल तर उजेड सुरुवातीला डोळे दिपविणारा आणि थोड्याच वेळात केविलवाणा होतो. ३५० मिलिअँपिअर प्रवाह सोडणाऱ्या चिमुकल्या चिप ओळीने समांतर जोडून (आठ जोडल्या की २.८ अँपिअर) कारागिरांनी हा प्रश्न स्वस्तात सोडविला. डायोडची पारख हे आणखी एक प्रकरण. एकाच कारखान्यातून निघालेले डायोड तेज आणि रंगछटा यांनुसार वेगवेगळ्या गटांत निवडले जातात. कुणाच्या उजेडात हिरवट झाक असते, तर कुणाची छटा दुपारच्या उन्हासारखी. उत्तम गटाची संपूर्ण रीळ एकट्याने घेणे परवडत नाही. म्हणून पाच-दहा जण मिळून ती घेतात आणि वाटून घेतात.

प्रकाश किती दूर जातो, याविषयी तर विक्रेत्यांनी पूर्वीपासूनच जनतेची दिशाभूल चालविलेली आहे. डायोड येण्याआधीही ‘दहा लाख कँडलपॉवर’ची भाषा होतीच. झोताचे अंतर दुप्पट करावयाचे तर तीव्रता चौपट करावी लागते, हा निसर्गाचा नियम जाहिरातीला गैरसोयीचा. २००९ साली अमेरिकेत विजेरीच्या मापनाचे प्रमाण ठरले, ते या गोंधळामुळेच. प्रकाश मोजावयाचा तो दिवा लावताक्षणी नव्हे, किमान ३० सेकंदांनी. झोताचे अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचे. स्वच्छ रात्री पौर्णिमेचे चांदणे साधारण तेवढे असते. त्या हिशेबाने १० हजार कँडेलाचा झोत २०० मीटर जातो. ४०० मीटर हवे असतील तर ४० हजार कँडेला लागतात. प्रमाण चांगले आहे, पण ते ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक सत्य पाळणारे थोडेच असतात. गॅरेजमधल्या कारागिराने थर्मोकोलचा पोकळ गोळा करून त्यात प्रकाशमापक बसविला आणि आपली विजेरी त्यात मोजून पाहिली. ती मोजणी प्रयोगशाळेच्या तोडीची नसेलही. परंतु मोजल्यावर आकडा कमी निघाला तर कमीच सांगावयाचा, ही रीत त्याने धंद्याचे भांडवल म्हणून सांभाळली, कारण त्याचे गिऱ्हाईकही स्वतः मोजून पाहणारे होते.

याचा अर्थ हा व्यवसाय सर्वस्वी सोज्वळ होता असे नव्हे. एकेका नगाला तासन् तास लागतात आणि कारागीर स्वतःच्या वेळाची किंमत नेहमीच कमी धरतो. मग पैसे आगाऊ घेतले जातात, माल लांबतो, उत्तरे येईनाशी होतात. कला उत्तम आणि हिशेब कच्चा, या व्याधीची लागण केवळ अमेरिकेपुरती नाही. दुसरा धोका अधिक गंभीर. लिथियम घट चुकीचा भरला, कमी-अधिक भरलेले दोन घट एकामागे एक लावले किंवा घटाचे वेष्टन फाटले, तर बंद धातूच्या नळीत वायू कोंडून स्फोट होऊ शकतो. मोठ्या कंपनीपाशी वकील आणि विमा असतो. एकट्या कारागिरापाशी फक्त त्याची काळजी असते. १ एप्रिल २०१६ पासून सुटे लिथियम-आयन घट प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय बंदी आली. ती योग्यच होती, पण परदेशी गिऱ्हाइकाला घटासकट विजेरी पाठविणे तिने छोट्या विक्रेत्याला अवघड करून ठेवले.

मोठा आघात मात्र शेन्झेनचा. २००४ साली तेथे स्थापन झालेल्या फिनिक्ससारख्या कंपन्यांनी कारागिरांकडून शिकावयाचे ते शिकून घेतले आणि त्यांच्या वस्तूच्या तोडीची वस्तू एक-चतुर्थांश किमतीत दिली. त्यांतील चांगल्या कंपन्या आकडेही प्रामाणिकपणे छापतात, हे नमूद केले पाहिजे. सारा चिनी माल लबाड असे मानणे हा आळशीपणा आहे. तेजाच्या शर्यतीत आता कारागीर जिंकू शकत नाही.

लबाड आकड्याची झळ कुणाला लागते, हे पाहावयाचे तर महाराष्ट्राच्या शिवारात जावे. शेतीपंपांना आठवड्याआड रात्रीची वीज देण्याची पद्धत येथे वर्षानुवर्षे चालत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना निघाली, तरी मध्यरात्री बांधावरून मोटर सुरू करावयास जाणारा शेतकरी काही अपरिचित नाही. गावात त्या वस्तूला विजेरी कुणी म्हणत नाही, ‘बॅटरी’च म्हणतात. उसाच्या फडाच्या कडेला फुरसे आहे की वाळलेले पाचट, हे ज्या उजेडात ओळखावयाचे, तो घट कच्चा निघाल्यामुळे वीस मिनिटांत मंदावला तर खोक्यावरच्या एक लाखाचा त्याला काय उपयोग? त्याच घटावर कधी कधी ९,९०० मिलिअँपिअर-तास असेही छापलेले असते. उत्तमोत्तम कारखान्याचा तेवढ्याच आकाराचा घट साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो.

कारागिराच्या वाट्याला आता उरले आहे ते दुरुस्तीचे काम. कारखान्यातल्या अनेक विजेऱ्यांचे मुखवटे डिंकाने कायमचे चिकटविलेले असतात. डायोड गेला की विजेरी गेली. हाताने घडविलेलीचे आटे उघडतात. दहा-बारा वर्षांपूर्वी विकलेली, कोपरे झिजलेली नळी टपालाने परत येते, तिच्या तांब्याच्या ठोकळ्यावरचा जुना डायोड उतरविला जातो, नवा डायोड आणि नवा नियामक बसविला जातो. नळी तीच, घट त्याच आकाराचा, उजेड मात्र पूर्वीच्या दुपटीने. मग ती पुन्हा त्या थर्मोकोलच्या गोळ्यात मोजली जाते आणि नवा आकडा पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत पाठविला जातो.