पावशा ओरडला, तारीख लिहून ठेवा



आपल्या घाटंजी भागात मे महिना सरत आला, की भर दुपारच्या उन्हातही एक पाखरू आंब्याच्या दाट पानांत बसून ओरडू लागते. दिसत नाही, नुसते ऐकू येते. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे ते सांगते, असे आपले वाडवडील म्हणत आले. हा पावशा. तो कुठून येत नाही. वर्षभर इथेच असतो, पाऊस जवळ आला की त्याला कंठ फुटतो, एवढेच. गंमत अशी, की सगळ्या जगाला कामाला लावणारा हा पक्षी स्वतः घरटेसुद्धा बांधत नाही. अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतो आणि मोकळा होतो. असे गृहस्थ माणसांतही असतात. निवडणुकीच्या दिवसांत जरा जास्त दिसतात.

पावशाच्या शब्दावर पेरणी मात्र करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्याशिवाय बियाण्याची पिशवी फोडू नये, हे माझे दरवर्षीचे सांगणे आहे. पण तो पहिल्यांदा कोणत्या दिवशी ओरडला, ती तारीख घरातल्या वहीत लिहून ठेवावी. त्यामागे कारण आहे. ते पुढे येईलच.

मृग लागला की वावरात मखमली लाल किडे फिरू लागतात. वखरामागे गायबगळे चालतात आणि उघड्या पडलेल्या अळ्या टिपतात. मजुरी मागत नाहीत. डोक्यावर तुरा असलेला काळा-पांढरा चातक हा खरा पाहुणा. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून तो मोसमी वाऱ्यांबरोबर आपल्याकडे येतो. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला याच दिवसांत सुगरणीची घरटी लटकू लागतात. आपण सुगरण म्हणतो, पण विणकाम सगळे नराचे. मादी घरटे पाहून पसंत-नापसंत ठरवते.

पावसाळा ओसरताना पूर्वी ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरत. गोफण घेऊन पोरे माळ्यावर उभी असत. आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, आणि भोरड्यांना थांबायला कारण उरले नाही. कणीस खाणारे हे पाखरू नाकतोडेही तितक्याच आवडीने खाते, हे आपण राखण करताना विसरलो. चिमणीचेही तसेच. कवेलूची घरे गेली, घरकुले आणि स्लॅब आले. घर पक्के झाले हे चांगलेच झाले. पण भिंतीत चिमणीला शिरायला फट राहिली नाही. घरकुल बांधताना वळचणीला एक छोटे भोक पाडलेले मडके आडवे बांधून ठेवले, तर त्याला अनुदान लागत नाही.

आता थोडे फवारणीविषयी. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंदट, तोंडाला फडके नाही, आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. ज्या औषधांची तेव्हा चर्चा झाली त्यांत मोनोक्रोटोफॉस होते. याच औषधाने १९९५-९६ च्या हंगामात दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनात हजारो शिकारी पक्षी मेले होते. ते पक्षी शेतातले नाकतोडे खायला उतरत, आणि नाकतोड्यांवर तेच औषध मारलेले होते. म्हणजे पाखरांनी इशारा वीस वर्षे आधी दिला होता. आपल्याकडे केंद्र सरकारने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रव औषधाला मनाई केली ती २०२३ मध्ये. डायक्लोफेनॅकचेही असेच. हे औषध दिलेले जनावर मेले, की त्याचे मांस खाऊन गिधाडे मरत. देशभरातली गिधाडे बहुतेक संपल्यावर, २००६ मध्ये, जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

म्हणून धुऱ्यावर टिटवी किंवा सातभाई मरून पडलेला दिसला, तर पायाने बाजूला सारून पुढे जाऊ नका. त्या दिवशी, किंवा आदल्या दिवशी, कुठे काय फवारले, ते लिहून ठेवा. पोराबाळांना त्या वावरात जाऊ देऊ नका. हरभऱ्यात आणि तुरीत हेक्टरी वीसेक पक्षीथांबे लावा. पिकापेक्षा हातभर उंच काठी, वर आडवी फांदी, बस्स. कोतवाल त्यावर बसून घाटेअळी वेचतो.

हिवाळा म्हटला की आपल्या बायाबापड्यांच्या डोळ्यांसमोर पाखरे येत नाहीत, जागल येते. गडीमाणूस रात्रभर वावरात आणि घरची मंडळी काळजीत. रोही येतात, रानडुकरे येतात, आणि टिपेश्वर अभयारण्य शेजारी असल्याने वाघही येतो. या १४८ चौरस किलोमीटरच्या जंगलात वाढलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातली शेतशिवारे तुडवीत सुमारे १३०० किलोमीटर चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात पट्टा होता म्हणून हे कळले. तो कितीतरी वावरांतून रात्री गेला असेल, मालकाला पत्ताही नसेल! पण दुसरी बाजूही विसरता येत नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूंशी जिचे नाव जोडले गेले ती अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या रानात गोळीने मारली गेली. त्यानंतर केंद्रातल्या मंत्री मनेका गांधी आणि राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यात जो वाद झाला, तो सगळ्या देशाने वाचला. ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांचे म्हणणे त्या वादात फार थोडे ऐकू आले, असे माझे मत आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९७६ च्या घटनादुरुस्तीने हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्या यादीत गेला. तेव्हापासून मुंबई म्हणते दिल्लीला विचारा आणि दिल्ली म्हणते राज्याला अधिकार आहेत. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेष घालून विधानभवनात आले. तिकडे बिबट्याचा त्रास मोठा, त्याकडे लक्ष वेधायचे होते. लक्ष वेधले गेलेही. रोह्याचा वेष घालून मात्र अजून कोणी आलेले ऐकिवात नाही, आणि आपला तुरीचा घास तर तोच नेतो.

तरी एक गोष्ट घडली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले, की खरीप २०२६ पासून वन्य प्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत जादा संरक्षण म्हणून घेता येईल. नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत, पीक विमा ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोसह द्यायची. कोणते प्राणी यादीत घ्यायचे आणि कोणते जिल्हे किंवा मंडळे त्रासाची मानायची, हे राज्याने मागील नोंदी पाहून ठरवायचे. हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. मागील नोंदी! वनखात्याच्या भरपाईसाठीही तीन दिवसांत कळवावे लागते. पण पंचनाम्याला दोन चकरा कोण मारणार म्हणून कित्येक घरे कळवीतच नाहीत. मग कागदावर आपले गाव शांत दिसते. ज्या गावाने लिहिलेच नाही, त्या गावात रोही आला होता हे कोणी मानायचे?

ग्रामपंचायतीत आणखी एक वही असते, लोक जैवविविधता नोंदवही. २००२ च्या कायद्याने ती प्रत्येक गावात ठेवायची आहे. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने ही कल्पना लोकांपर्यंत नेली, ती गावकऱ्यांनी स्वतः पाहून लिहावे म्हणून. येत्या ग्रामसभेत ती वही कपाटातून काढायला लावा आणि वाचून घ्या. आपल्या शिवारातली किती नावे तीत आहेत ते पाहा. नसतील ती घरच्या वहीतून भरून घेता येतील.

घरची वही शाळेत जाणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती द्यावी. तारीख, जागा, काय दिसले, किती, आणि नुकसान असेल तर किती तास्यांचे, एवढे रकाने पुरेत. आजीला विचारून पाखरांची गावठी नावेच लिहावीत. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, तेव्हा सुरू करायला हरकत नाही. पण जागल आधीच सुरू झाली असेल तर वाट पाहू नये. आणि बॉलपेननेच लिहावे. शाईची अक्षरे दवाने फुटतात.