जुन्या चाकाची चकाकी

‘लोखंड गंजते, ॲल्युमिनियम गंजत नाही’ हे वाक्य आपण वर्गात कधी ना कधी उच्चारलेले असते. ते निम्मेच खरे आहे. खारट आमटी रात्रभर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात राहिली, तर सकाळी तळाशी पांढुरके ठिपके दिसतात आणि घासल्यावर तिथे बारीक खड्डे हाताला लागतात. म्हणजे ॲल्युमिनियमचेही क्षरण होते. ते कसे होते, कशामुळे थांबते आणि गेलेली चकाकी परत आणताना काय सांभाळावे लागते, हे समजून घेण्यासाठी एक उत्तम उदाहरण आहे. ते म्हणजे जुन्या स्पोर्ट्स कारचे ‘अलॉय व्हील’, अर्थात संमिश्र धातूचे चाक.

घडीव चाक

मोटारीला ॲल्युमिनियमची चाके लावण्याची कल्पना जुनी आहे. १९२४ साली बुगाटी कंपनीने आपल्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या मोटारीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके बसवली होती. पण आपण ज्या चाकाचा विचार करणार आहोत ते जर्मनीतील आहे. १९६६ मध्ये पोर्श कंपनीची ‘९११ एस’ ही मोटार आली. तिची पाच पाकळ्यांची चाके ओटो फुक्स या कंपनीने बनवली होती. ही चाके ओतीव नव्हती, तर तापवलेल्या धातूच्या भरीव ठोकळ्यावर प्रचंड दाब देऊन घडवलेली होती. ती आजही ‘फुक्स चाके’ म्हणून ओळखली जातात आणि हौशी मंडळी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची चाके दुरुस्त करून वापरतात.

पोलादाऐवजी ॲल्युमिनियम का? पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम. चाक हा मोटारीच्या स्प्रिंगच्या खालचा भाग आहे. तो जितका हलका, तितका तो रस्त्याच्या खाचखळग्यांवरून चटकन वरखाली होतो आणि टायर जमिनीला धरून राहतो.

मात्र शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. त्याला बळकटी कशी द्यावी, हे जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये उमगले. थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केले आणि काही दिवस तसेच ठेवले, तर ते आपोआप कठीण होत जाते, असे त्यांना आढळले. धातूच्या आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. फुक्स चाकाच्या संमिश्रात मॅग्नेशियम व सिलिकॉन यांचे थोडे प्रमाण असते. त्याची बळकटी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

पापुद्रा राखतो

ॲल्युमिनियम हा खरे तर अतिशय क्रियाशील धातू आहे. ताजा कापलेला पृष्ठभाग हवेत येताच त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर धरतो. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढासा पापुद्रा खालच्या धातूला वाचवतो, कारण तो घट्ट चिकटतो आणि धातूला पुरता झाकतो. लोखंडाचा गंज मात्र सैल व सच्छिद्र असतो. तो सुटून पडतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. म्हणून आपल्या वाक्यात दुरुस्ती करायची तर ती अशी: ॲल्युमिनियमवर झटकन ऑक्साइड चढते, आणि म्हणूनच त्याचे पुढचे क्षरण थांबते.

हा पापुद्रा पारदर्शक असल्याने त्याने चकाकी जात नाही. ती जाते तो फाटल्यामुळे. मिठातील क्लोराइड आयन त्याच्या कमकुवत जागा गाठून तिथे खड्डे पाडतात आणि पांढरी भुकटी जमते. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, तेव्हा चाकांना हा मार सतत बसतो. शिवाय तोल साधण्यासाठी चाकाच्या कडेला वजने लावतात. त्यांची पोलादी क्लिप, ॲल्युमिनियम आणि खारे पाणी मिळून एक छोटा विद्युतघट तयार होतो. त्यात अधिक क्रियाशील असलेले ॲल्युमिनियम झिजते.

हा धोका ओळखून फुक्स चाकांना कारखान्यातच ‘ॲनोडायझिंग’ केलेले असे. विरल सल्फ्युरिक आम्लात चाक हे धन अग्र म्हणून ठेवून विद्युतप्रवाह सोडला, की त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर वाढतो. असा थर काही मायक्रॉन ते पंचवीसेक मायक्रॉन जाड असू शकतो. एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर. तेव्हा हा पापुद्रा नैसर्गिक पापुद्र्याच्या हजारो पट जाड झाला. त्यातील सूक्ष्म छिद्रे उकळत्या पाण्याने बंद करतात. स्वयंपाकघरातील काळपट करड्या ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ भांड्यांवर याच जातीचा, पण अधिक जाड थर असतो.

आधी तपासणी, मग पॉलिश

आता पन्नास वर्षे वापरलेले असे एखादे चाक समोर आले, तर पहिले काम कोणते? बहुतेकांचा हात पॉलिशकडे जातो. पण खरे पहिले काम तडे शोधण्याचे आहे.

थोडे गणित करू. टायर एका फेरीत साधारण २ मीटर अंतर कापतो असे धरले, तर किलोमीटरला ५०० फेऱ्या होतात. एक लाख किलोमीटरमध्ये ५ कोटी! प्रत्येक फेरीत चाकाचा प्रत्येक भाग एकदा ताणला जातो आणि सैल होतो. तार वारंवार वाकवली की तुटते, तसाच हा ‘धातूचा थकवा’. पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली ठेवला, तर थकव्याने तडा जाण्याची भीती फारशी राहत नाही. ॲल्युमिनियमच्या संमिश्रांना अशी स्पष्ट मर्यादा नसते. म्हणून जुन्या चाकात केसासारखा तडा असण्याची शक्यता गृहीतच धरावी लागते.

गंमत अशी, की पॉलिश करताना मऊ धातू तड्याच्या तोंडावर पसरतो आणि तडा झाकला जातो. चाक आरशासारखे चमकते आणि आतून फुटत जाते. यासाठी आधी रंग व जुना थर काढून चाक स्वच्छ करतात आणि त्यावर लाल रंगाचा पातळ द्रव लावतात. केशाकर्षणाने तो तड्यात शिरतो. काही मिनिटांनी पृष्ठभाग पुसून पांढरी भुकटी फवारली, की तड्यातील द्रव वर ओढला जातो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चहाच्या जुन्या कपातील तडा चहाच्या रंगाने उठून दिसतो, त्यातलाच हा प्रकार. तडा असलेले चाक रस्त्यावर आणू नये. ते वेल्डिंगने सांधले, तर उष्णतेने आतले सूक्ष्म कण विरघळतात किंवा वाढून मोठे होतात आणि विल्म यांना सापडलेली बळकटी त्या जागी नाहीशी होते.

जुना ॲनोडाइज्ड थर काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे द्रावण वापरतात. ॲल्युमिनियम ऑक्साइड उभयधर्मी असल्याने ते आम्लात तसेच अल्कलीतही विरघळते. पण थर संपताच सोडा खालच्या धातूवर चालून जातो आणि हायड्रोजन वायू सुटू लागतो. त्यामुळे हे काम जाणकाराने, मोकळ्या हवेत, डोळे व हात झाकूनच करायचे असते.

आणखी एक सावधगिरी. १९६० च्या दशकातील काही स्पोर्ट्स कारना मॅग्नेशियमची चाके असत. इंग्लंडमधील ‘मिनिलाइट’ चाके मूळची अशीच होती. मॅग्नेशियमची फीत कशी डोळे दिपवत जळते हे आपण प्रयोगशाळेत पाहतोच. अशा चाकाची घासलेली पूडही तशीच पेट घेऊ शकते आणि त्या आगीवर पाणी टाकले तर ती भडकते. खरवडलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाकताच जोरात बुडबुडे आले, तर ते मॅग्नेशियम समजावे.

चकाकी म्हणजे काय?

खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, गुळगुळीत पृष्ठभागावरून एकाच दिशेने परावर्तित होतो. गुळगुळीत किती? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. पृष्ठभागावरचे उंचसखल भाग याहून बरेच लहान झाले, की प्रतिबिंब दिसू लागते.

तिथवर पोचण्याचा मार्ग म्हणजे ओरखड्यांच्या जागी आणखी बारीक ओरखडे पाडत जाणे. ४०० क्रमांकाच्या वॉटर पेपरवरचे कण सुमारे ३५ मायक्रॉनचे, तर १२०० क्रमांकाच्या कागदावरचे सुमारे १५ मायक्रॉनचे असतात. दर वेळी घासण्याची दिशा काटकोनात बदलतात. आधीच्या आडव्या रेघा पुरत्या गेल्या, की मगच पुढचा कागद घ्यायचा. मधला टप्पा गाळला, तर खोल रेघ शेवटपर्यंत राहते. अखेरीस कापडी बफ आणि त्यावर बारीक पॉलिश.

या साऱ्यात एक गोष्ट विसरू नये. पॉलिश म्हणजे काही चढवणे नव्हे, काढणे आहे. खड्ड्याच्या तळापर्यंत पोचायचे, तर भोवतालचा सगळा धातू तेवढाच उतरवावा लागतो. म्हणून खोल खड्डे तसेच सोडणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते. शिवाय पॉलिश केलेल्या उघड्या चाकावर पुन्हा फक्त नॅनोमीटरचा पापुद्रा उरतो. त्यावर लॅकर दिले नाही किंवा पुन्हा ॲनोडायझिंग केले नाही, तर काही आठवड्यांत ते मंद पडते, मग पुन्हा पॉलिश, पुन्हा झीज. मूळची फुक्स चाके आरशासारखी नव्हती, त्यांची झळाळी मंद, रेशमी होती. ती त्या संरक्षक थराचीच होती.

करून पाहा

जुन्या ॲल्युमिनियमच्या भांड्याचा सपाट तुकडा घ्या व त्याच्या कडा बोथट करा. पाण्यात भिजवून २२०, ४००, ८०० व १२०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने क्रमाने घासा. प्रत्येक टप्प्यानंतर छापील कागद तुकड्यासमोर उभा धरा आणि किती अंतरापर्यंत अक्षरांचे प्रतिबिंब ओळखू येते ते मोजा. अंतर व क्रमांक यांचा आलेख काढा. नंतर तुकड्याच्या अर्ध्या भागावर पारदर्शक व्हार्निश लावा, वाळू द्या आणि दोन्ही भागांवर रोज मिठाच्या पाण्याचा एकेक थेंब टाका. दोन-तीन आठवड्यांनी भिंगातून पाहा. मग विद्यार्थ्यांना विचारा: ‘ॲल्युमिनियम गंजत नाही’ हे वाक्य तुम्ही आता कसे लिहाल?