प्रारूपेतर सजीवांतील जनुक संपादन : स्वरूप व अडचणी

प्रस्तावना :
२०१२ साली जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी क्रिस्पर-कॅस ९ ही जनुकीय कात्री प्रकाशात आणली. या कार्यासाठी त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्राप्त झाले. ही कात्री कोणत्याही सजीवाचा डीएनए कापू शकते, हे तत्त्वतः खरे आहे. प्रत्यक्षात मात्र फळमाशी, उंदीर, झेब्राफिश अशा मोजक्या प्रारूप सजीवांपलीकडे जाताच अडचणी उद्भवतात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार करावयाचा आहे.

अंड्यापर्यंत पोहोचण्याची अडचण :
संपादन पुढील पिढीत उतरावयाचे असल्यास कात्री सामान्यतः अंड्यात किंवा प्रारंभिक भ्रूणात सोडावी लागते. झेब्राफिशची अंडी शरीराबाहेर फलित होतात. त्यामुळे त्यांत द्रावण टोचणे सुलभ असते. सरड्यात फलन शरीरांतर्गत होते व मादी शुक्राणू साठवून ठेवते. म्हणून फलनाचा क्षण निश्चित सांगता येत नाही. २०१९ साली जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी अनोल सरड्याच्या अंडाशयातील अपक्व अंड्यांतच द्रावण टोचून वर्णहीन पिल्ले मिळविली. झुरळाची अंडी कठीण कोशात बंदिस्त असतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत द्रावण प्रौढ मादीच्या शरीरपोकळीत टोचले जाते व वाढती अंडी ते शोषून घेतात. अंड्यांत पीतक साठण्याचा काळ साधला नाही, तर हा प्रयत्न निष्फळ ठरतो.

जनुकांचे कार्य व संगोपन :
मार्गदर्शक आरएनए रचण्यासाठी जनुकाचा क्रम ज्ञात असावा लागतो. परंतु क्रम ज्ञात झाला म्हणजे कार्यही कळले, असे नव्हे. २०२० साली अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत माकूळ म्हणजेच स्क्विडच्या एका जातीतील रंगद्रव्याशी संबंधित जनुक निकामी करण्यात आले आणि रंग लोपला. मात्र ही जात प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढविता येत नाही. म्हणून पैदास होऊ शकणारी दुसरी लहान जात निवडण्यात आली. तिच्यात तेच जनुक निकामी करूनही रंग टिकून राहिला. आणखी एक जनुक बंद करावे लागले. अखेर २०२३ मध्ये वर्णहीन वंश सिद्ध झाल्याचे प्रसिद्ध झाले.

निष्कर्ष :
कात्री सार्वत्रिक असली, तरी तिच्या वापरासाठी लागणारे ज्ञान त्या त्या जातीपुरतेच असते. हे ज्ञान प्रजनन, भ्रूणविकास व संगोपन यांच्या निरीक्षणातूनच मिळते. अशा निरीक्षणास जुने प्राणिशास्त्र म्हणून दुय्यम लेखणे योग्य नव्हे. महागडी उपकरणे नसलेल्या महाविद्यालयीन विभागांनाही स्थानिक जातींचा विणीचा काळ, अंड्यांची रचना व संगोपन यांच्या पद्धतशीर नोंदी ठेवता येतील. अशा नोंदींअभावी बहुसंख्य सजीव या तंत्राच्या कक्षेबाहेरच राहतील.