मोटारसायकलीवरील दुसरी बैठक

अष्टविनायकांत पहिला मान मोरगांवच्या मयूरेश्वराचा. चिंचवडची मंगलमूर्तींची पालखी भाद्रपदांत व माघांत तेथें जाते. पण एरवीं पुण्याहून निघणाऱ्या भाविकांपैकीं कित्येक जोडपीं फटफटीवरूनच हा प्रवास करतात. दिवेघाट, सासवड, जेजुरी आणि पुढें कऱ्हेकांठचें मोरगांव, असा हा सुमारें ६५ किलोमीटरांचा रस्ता. पुढें बसणाऱ्यास तो बहुधा पाठ असतो. मागें बसणाऱ्याच्या वांट्यास काय येतें, याचा विचार घर सोडण्यापूर्वीं क्वचितच होतो.

मद्रासेस १९५५ पासून तयार होऊं लागलेली बुलेट आणि म्हैसूरच्या कारखान्यांतून १९६० नंतर निघालेली जावा, यांनीं भारतांत मोटारसायकलीचें एक वळण रुजविलें. वाटोळा दिवा, फुगीर टाकी व सपाट बैठक असलेल्या आजच्या ३५० सीसीच्या गाड्या त्याच वळणाच्या आहेत. अशी गाडी पेट्रोलसह १९५ किलोंच्या घरांत भरते व तिचें एंजिन सुमारें वीस अश्वशक्तीचें असतें. तिच्यावर ७० आणि ६० किलोंचीं दोन माणसें बसलीं, कीं गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या दोनतृतीयांश भार तिच्यावर चढतो. मोटारींत एक उतारू वाढल्यानें फारसें कांहीं बिघडत नाहीं. येथें वाहनाचा स्वभावच बदलतो.

कारण हा दुसरा भार मध्यावर न पडतां जवळजवळ मागच्या चाकाच्या आंसावर पडतो. मागच्या स्प्रिंगा दबतात, पुढचें चाक हलकें होतें आणि हँडल किंचित् सैल वाटूं लागतें. दिव्याचा झोत वर उचलला जातो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि जवळचा खड्डा मात्र अंधारांत राहतो. उसाच्या हंगामांत बारामतीच्या बाजूस मागील दिवा नसलेली ट्रॉली रात्रीं अचानक पुढें उभी राहते, तेव्हां या झोताचें महत्त्व कळतें. उपाय दहा मिनिटांचा आहे. दोन माणसांसाठीं गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेली हवा मागच्या टायरांत भरावी, स्प्रिंगांचा ताण वाढवावा व दिवा थोडा खालीं वळवावा.

परतीच्या वाटेवर दिवेघाट उतरावा लागतो. त्या वेळीं वाढलेल्या भाराची सारी शक्ति ब्रेकांना उष्णतेच्या रूपानें गिळावी लागते. जुन्या गाड्यांचे ड्रम-ब्रेक सतत दाबून धरल्यास तापून ढिले पडतात. म्हणून खालच्या गिअरमध्यें एंजिनाच्याच आधारानें उतरावें. एकाएकीं ब्रेक दाबल्यास मागचें माणूस चालकाच्या पाठीवर आदळतें, आणि नेमक्या त्याच क्षणीं चालकास आपले दोन्ही हात मोकळे हवे असतात.

सर्वांत मोठा धोका मात्र आपल्या घरांतील एका जुन्या रिवाजांत आहे. साडी नेसलेली स्त्री दोन्ही पाय डावीकडे सोडून बसते. तिला गुडघ्यांनीं बैठक आवळून धरतां येत नाहीं व वळणावर गाडीबरोबर सहजपणें झुकतांही येत नाहीं. पदराची गोष्ट तर याहून गंभीर. गाडी ताशीं ४० किलोमीटर वेगानें जात असेल, तर ती सेकंदाला अकरा मीटर अंतर तोडते. चाकाचा घेर सुमारें दोन मीटर धरला तर तें सेकंदांत पांचांहून अधिक फेरे घेतें. आरांत अडकलेल्या पदराची जाणीव होऊन तोंडांतून शब्द निघेपर्यंत त्याचे पांच वेढे पडलेले असतात. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १२३ व्या नियमानें मागच्या बैठकीसाठीं हाताचा आधार, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें आवरण आवश्यक ठरविलें आहे. लोक त्यास साडीगार्ड म्हणतात. गाडीचें रूप बिघडतें म्हणून हौशी मंडळी तें काढून टाकतात. गाडी नटविण्याची ही तऱ्हा मोठी चमत्कारिक! पदर पुढून घेऊन कमरेला घट्ट खोंवावा; आणि शक्य तेथें सलवार घालून दोन्हीकडे पाय टाकून बसावें, हें उत्तम. अर्थात् त्या वेळीं पोटरी तापलेल्या सायलेन्सरला लागूं नये, इकडे लक्ष हवें; जावाला तर दोन्ही बाजूंस एकेक सायलेन्सर आहे.

१९८८ च्या कायद्याप्रमाणें चालकाखेरीज एकच माणूस बसवितां येतें, व हेल्मेट दोघांसही हवें. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठीं २०२३ पासून हेल्मेट, चालकाशीं जोडणारा पट्टा व ताशीं ४० किलोमीटरांची मर्यादा असे नियम लागू आहेत. मुलाला टाकीवर बसविणें या कशांतच बसत नाहीं.

चढण्या-उतरण्याचाही एक क्रम आहे. चालकानें आधीं बसून दोन्ही पाय जमिनीवर रोवावे, ब्रेक धरावा आणि "बसा" म्हणावें. त्यानंतरच दुसऱ्यानें डावीकडून चढावें. मोरगांवास पोंचल्यावर हाच क्रम उलटा. देवळाच्या कोपऱ्यांवरचे मिनार दिसूं लागतांच मागची मंडळी उतरण्याची घाई करतात. गाडी पुरती थांबून चालकानें "उतरा" म्हणेपर्यंत त्यांनीं बैठक सोडूं नये.